काळजाची मागणी

हिवाळा नुकताच लागला होता आणि अमळनेरच्या बाजारात भरताची वांगी ढिगाने आली होती. नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, महिन्याच्या गोळ्या घ्यायला मी औषधांच्या दुकानात उभी होते. माझ्या आधी एक आबा होते. धोतर, मळकी टोपी, खांद्यावर उपरणं आणि पायाशी ठेवलेल्या वायरच्या पिशवीतून वर आलेली वांग्यांची हिरवी देठं. त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून कागदाची पुडी आणि पुडीतून गोळ्यांच्या पाकिटाचा कात्रीने कापलेला एक तुकडा. तुकड्यावर दोन रिकामे फुगे आणि मागच्या चंदेरी कागदावर औषधाच्या नावाची शेवटची तीन-चार अक्षरं. बाकीचं नाव आधीच्या कुणा गिऱ्हाइकाच्या वाट्याला गेलेलं. दुकानदाराने तुकडा उजेडात धरला, पालथा केला आणि ओळखला. "मेटोप्रोलॉल आहे. किती देऊ?" "चार दे." "चारच? मागे पंधरा नेल्या त्याला किती दिवस झाले, आबा! रोज घेता ना?" आबांनी सरळ सांगून टाकलं, "आते माले काहीच व्हत नही, मंग गोयी कसाले खाऊ? जव्हय धडधड व्हस, तव्हय खास." दुकानदार भला माणूस. त्याने हातातली कात्री खाली ठेवली आणि ही गोळी रोज घ्यायची असते, मनाने सोडायची नसते, असं दोनदा समजावलं. आबांनी ऐकून घेतलं, चार गोळ्यांचे पैसे मोजून दिले, पुडी पुन्हा रुमालात बांधली आणि एसटी स्टँडच्या दिशेने निघून गेले.

त्यांचं ते बोलणं काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

कारण त्यांच्या बाजूने पाहिलं तर ते अगदी बरोबर होतं. ताप उतरला की तापाची गोळी बंद, खोकला थांबला की बाटली कोनाड्यात, हे सगळ्या जन्माचं शिक्षण. दुखणं असेल तर औषध, नसेल तर नाही. आणि ही गोळी अशी की ती नीट काम करत असेल तर माणसाला काहीच होत नाही. छाती धडधडत नाही, चढ चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखं होत नाही, हात थरथरत नाहीत. म्हणजे गोळी चालू आहे याची खूण काय, तर कसलीच खूण नसणं. वेदना थांबवणाऱ्या गोळीचे उपकार माणूस अर्ध्या तासात मानतो. हिचे उपकार मानायला वावच नाही. आमच्याकडे कुणी तिला बीटा ब्लॉकर म्हणत नाही. कुणासाठी ती बीपीची गोळी, कुणासाठी हार्टची, कुणासाठी नुसतीच 'सकाळची पांढरी'. घरात एखाद्या पेढ्याच्या रिकाम्या डब्यात बाकीच्या गोळ्यांबरोबर ती पडलेली असते आणि सगळ्यात आधी सुटते ती हीच.

मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात, त्या ॲड्रिनलिन सोडतात. वावरात पायाजवळून साप गेला, रात्री दोन वाजता फोन वाजला, भावकीत शब्दाला शब्द लागला की ते रक्तात उतरतं. त्याचं भावंड नॉरॲड्रिनलिन, ते हृदयापर्यंत पोहोचलेल्या नसांच्या टोकांतून सुटतं. दोघंही हृदयावर ठरलेल्या जागी जाऊन बसतात आणि हृदय जोरात, भराभर धावायला लागतं. त्या जागांना बीटा हे नाव अमेरिकेतल्या रेमंड आल्क्विस्ट यांनी 1948 साली दिलं. गोळी करते एवढंच, की त्या जागेवर आधी जाऊन बसते. निरोप येतो, पण घेणारं कुणी नसतं. मात्र महिनोन्‌महिने जागा अडलेल्या राहिल्या की शरीर तशा आणखी जागा तयार करतं. अशात गोळी एकदम बंद केली तर रक्तातलं तेवढंच ॲड्रिनलिन आता जास्त जागांवर जाऊन आदळतं. नाडी उसळते, रक्तदाब चढतो, थांबलेलं छातीचं दुखणं परत येतं, आणि ज्याच्या हृदयाच्या नळ्या आधीच चिंचोळ्या आहेत त्याला पहिल्या एक-दोन आठवड्यांत झटकाही येऊ शकतो. म्हणून ती थांबवायचीच असेल तर डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू कमी करत थांबवायची. आबा चार गोळ्या खिशात घेऊन गेले, धडधड होईल तेव्हा खायला. ती धडधड कदाचित गोळी सोडल्यानेच होत असेल, हे त्यांना कसं दिसावं?

नानांना ॲटॅक आला तो गहू काढणीच्या दिवसांत. पहाटे जबडा दुखायला लागला, बनियन घामाने चिंब, आणि आईने ॲसिडिटी समजून ओवा-मीठ हातावर ठेवलं. दादाने शेजाऱ्याची गाडी काढली. धुळ्याला ईसीजीची पट्टी निघाली, तिथून नाशिक, मग ॲन्जिओ, स्टेन्ट. घरी सोडताना टूडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, कागदावर लिहिलं होतं की पंपिंग, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, पस्तीस टक्के आहे. तो आकडा आमच्या घरात कितीतरी दिवस उंबरठ्यावर बसून होता. गावातला प्रत्येक भेटायला आलेला माणूस आधी पंपिंग विचारायचा, मग चहा घ्यायचा. नाशिकच्या डॉक्टरांनी गोळ्या एकेक करून समजावल्या. ही रक्त पातळ ठेवायला, ही कोलेस्टेरॉलची, ही पाण्याची. मग त्या लहान पांढऱ्या गोळीवर बोट ठेवून म्हणाले, "ही हृदयाला काही देत नाही. ही हृदयाकडून कमी काम मागते."

त्या एका वाक्यामागे केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला पुढे वाचत गेल्यावर कळलं. जेम्स ब्लॅक नावाचा स्कॉटिश माणूस. डॉक्टरकी शिकलेला, पण आधी ग्लासगोच्या जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात शिकवणारा. छातीत दुखणाऱ्या रोग्यांसाठी त्या काळी सगळी धडपड एकाच दिशेने चालली होती. नळ्या रुंद कशा करायच्या, हृदयाला रक्त जास्त कसं पोचवायचं. ब्लॅक यांनी प्रश्न उलटा धरला. पुरवठा वाढत नसेल तर मागणी कमी करता येईल का? हृदय सावकाश चाललं, कमी जोराने आकुंचन पावलं, तर त्याला प्राणवायूही कमी लागेल. 1958 मध्ये ते आयसीआय या ब्रिटिश कंपनीत गेले. तिथे तयार झालेलं पहिलं औषध प्रोनेथालॉल उंदरांमध्ये गाठी करतं असं दिसल्यावर बाजूला पडलं. मग प्रोप्रॅनोलॉल आलं, आबांच्या मेटोप्रोलॉलच्याच घराण्यातलं, आणि 1965 पासून ते रोग्यांपर्यंत पोचलं. 1988 चं नोबेल त्यांना गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्याबरोबर मिळालं. पोटातल्या अल्सरची सिमेटिडीन ही गोळीसुद्धा याच माणसाच्या कामातून आली. एका माणसाच्या विचारातून कितीजणांची दुखणी हलकी झाली, हे मनात आलं की मला त्यांच्याविषयी घरच्या माणसासारखी माया वाटते.

नानांना हा विचार मी सांगितला तेव्हा त्यांना तो माझ्याआधी समजला. ते म्हणाले, "म्हणजे फड." पांझरेच्या काठाला नानांचं आजोळ. तिथली फड पद्धत त्यांनी लहानपणी पाहिलेली. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखालची सगळ्या गावाची जमीन फडांमध्ये विभागलेली असते, एका फडात एकच पीक. ज्या वर्षी नदीला पाणी कमी, त्या वर्षी कुणी पाण्यासाठी भांडत बसत नाही. एखादा फड ओलिताशिवाय ठेवायचा, उसाऐवजी कमी पाण्याचं पीक घ्यायचं, आणि आहे तेवढ्यात सगळ्यांचं भागवायचं. पाटकरी ठरल्या वेळी दार उघडतो, ठरल्या वेळी बंद करतो. नाना म्हणाले, "माझ्या छातीतला बंधारा अर्धा गाळाने भरला. डॉक्टरने पाटकरी नेमला." त्या दिवसानंतर गोळी घ्यायची आठवण त्यांना कुणी करून द्यावी लागली नाही.

सुरुवातीचे आठवडे मात्र वाईट गेले. पंपिंग कमी असलेल्या हृदयाला ही गोळी अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करतात आणि हळूहळू वाढवतात. प्रत्येक वेळी मात्रा वाढली की नाना चार-आठ दिवस ढेपाळायचे. धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, जायला दोन दमांत चढायचे. भर पावसाळ्यात पाय गार पडतात म्हणून आईने कपाटातले लोकरी मोजे काढले. रात्री विचित्र स्वप्नं पडायची, विहिरीत उतरल्याची. गावातल्या एका शहाण्याने सांगितलं, ह्या गोळीने माणूस मरगळतो, बंद करा. आईचा जीव दोन्हीकडे ओढला जात होता. नवरा डोळ्यांदेखत थकतोय आणि डॉक्टर म्हणतात वाढवा. त्या दिवसांत मी वाचलं की तिची ही भीती खुद्द डॉक्टरांनाही कितीतरी वर्षं होती. कमजोर हृदयाला आणखी सावकाश करणारं औषध देऊ नये, असंच पुस्तकं सांगत होती. 1975 मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी अशा सात रोग्यांना ते देऊन पाहिलं आणि ते सुधारले. तरी जगाचा विश्वास बसायला दोन दशकं गेली. 1999 मध्ये बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल यांच्या दोन मोठ्या अभ्यासांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले, तेव्हा कुठे ते या रोगाच्या उपचाराचा आधार ठरलं. जे औषध वर्ज्य होतं तेच आज न देणं चूक मानतात. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तेबी आधी घाबरले ना?" आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला.

वर्षभराने पुन्हा टूडी केला. पंपिंग पंचेचाळीस. नानांनी तो कागद देव्हाऱ्यात ठेवला.

त्याच उन्हाळ्यात धाकटीचं लग्न झालं. वऱ्हाड, बँड, मंडपाच्या मागे तीन दगडांच्या चुलीवर उकळणारी शेवभाजी, सगळं रीतीप्रमाणे. पाठवणीच्या वेळी आई कोसळलीच. दादा, वहिनी, फुई (माझी आत्या), शेजारणी, कुणाचे डोळे कोरडे नव्हते. नानांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला, त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. रात्री पाहुणे पांगल्यावर आम्ही दोघं धाब्यावर बसलो होतो. खाली मंडपवाल्याची पोरं बांबू सोडत होती, त्याचे आवाज येत होते. नाना बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "रडू उनं, पन कायीज हालनं नही." मी विचारलं म्हणजे काय. त्यांनी छातीवर पंजा ठेवला. मोठीच्या, म्हणजे माझ्या पाठवणीच्या वेळी म्हणे त्यांची छाती इतकी उडत होती की सदऱ्याच्या खिशातला पेन हलताना त्यांना दिसत होता. या वेळी दुःख तेवढंच होतं, पण छाती आपल्या चालीने चालत राहिली. "जशी काय दुसऱ्याच्या घरची पोरगी जाते."

त्या बोलण्याने मला आत कुठेतरी लागलं. गोळी मन मारत नाही, हे मला माहीत होतं. ती शरीराचा गलका कमी करते, भावना जागच्या जागी असते. नानांच्या गालांवरचं पाणी मी पाहिलं होतं. पण आपण भावना ओळखतो तरी कशावरून? छातीत धस्स झालं म्हणून भीती कळते, ऊर भरून आला म्हणून प्रेम कळतं. त्यातला छातीचा वाटा काढून घेतला तर माणसाला स्वतःचंच दुःख परकं वाटत असेल का? नाना जगले, मंडपात उभे राहिले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवू शकले, हे त्या गोळीमुळे. आणि त्या घडीला आपण पूर्णपणे तिथे नव्हतो असं त्यांना वाटलं, तेही बहुधा त्या गोळीमुळेच. या दोन्ही गोष्टी मी आजवर एका तराजूत घालू शकलेले नाही.

नानांकडून जे गेलं तेच घालवण्यासाठी काही लोक मुद्दाम ही गोळी घेतात. वाद्य वाजवणारे कलाकार मैफलीआधी थोडं प्रोप्रॅनोलॉल घेतात, बोटं कापू नयेत म्हणून. नेमबाजी आणि तिरंदाजीत तर त्यावर बंदी आहे, कारण सावकाश ठोके आणि स्थिर हात म्हणजे तिथे सरळ फायदा. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या नेमबाजाची दोन पदकं याच औषधापायी काढून घेतली. आमच्या फुईला मात्र हे औषध म्हणजे वरदान झालं. तिचा उजवा हात कापायचा. बसल्या जागी नाही, काही करायला गेलं की. चहा बशीत ओतताना कपाची कड बशीवर टकटकटक वाजायची आणि ओट्यावर थेंबांची रांग पडायची. पुरणाचे मांडे करण्यात तिचा हात धरणारं भावकीत कुणी नव्हतं. मांडा दोन्ही हातांवर झेलत मोठा करायचा आणि उलट्या खापरावर अलगद टाकायचा, ते तिने सोडून दिलं होतं. लोक बघतात म्हणून कानबाईच्या सणाच्या रोटांनाही ती मागे मागे बसायची. धुळ्याच्या डॉक्टरांनी तिला कागदावर एक गोल गोल चक्र काढायला लावलं, ते करवतीच्या दात्यांसारखं आलं. हा कंपवात नव्हे, वेगळा कंप आहे, असं सांगून त्यांनी प्रोप्रॅनोलॉल दिलं. थरथर पूर्ण गेली नाही. पण पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फुईने खापर मांडलं. पहिला मांडा फाटला, दुसरा जरा जाड झाला, तिसरा तिने हातावर फिरवून टाकला आणि आमच्याकडे न बघता पुढचा उंडा घेतला.

आणि हीच गोळी दुसऱ्याच्या जिवावर उठते. ओळखीतला एक मुलगा, हंगामात जिनिंगवर कामाला जायचा. सरकीचा आणि कापसाच्या तुसाचा त्रास होऊन त्याची छाती वाजायची, खिशात दम्याचा पंप असायचा. नोकरीच्या मुलाखतीला हात कापू नयेत म्हणून मित्राने त्याला ही गोळी दिली, मित्राला ती मायग्रेनसाठी मिळत होती. एसटीतच त्याचा श्वास कोंडला. ज्या जागा हृदयाला पळवतात त्यांच्यासारख्याच जागा फुप्फुसांत श्वासनळ्या मोकळ्या ठेवतात, आणि प्रोप्रॅनोलॉल दोन्ही अडवतं. पंपातलं औषधही त्याच जागांवर काम करतं, त्यामुळे पंपाचाही उपयोग होईना. दवाखान्यात वेळेवर पोचला म्हणून वाचला. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंब असतात, तेही याच घराण्यातले. दम्याच्या म्हाताऱ्या माणसाने "मी कसलीच गोळी घेत नाही, नुसते थेंब घालतो" म्हटलं तर डॉक्टरांना ते थेंबही सांगायला हवेत. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर उतरली की धडधड आणि थरथर ही सूचना असते, ती या गोळीखाली दबते. घाम मात्र येतो, तेवढ्यावरून ओळखायचं.

एका चुलत बहिणीच्या तान्ह्या मुलीच्या गालावर लाल डाग होता. तो वाढत वाढत डोळ्याच्या पापणीला भिडला. शिरपूरला सासू म्हणायची, ग्रहणात काही चिरलं असशील. बिचारी वर्षभर मान खाली घालून वावरली असती. पण त्वचेच्या डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉलचे मोजून थेंब सुरू केले. सुरुवातीचे काही तास बाळाला तिथेच ठेवून ठोके आणि साखर तपासली, मगच घरी सोडलं. रक्तवाहिन्यांच्या या गाठीवर ते चालतं, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांना ध्यानीमनी नसताना दिसलं. एका बाळाच्या नाकावर अशी गाठ होती, तिच्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडने हृदयाचा स्नायू जाड झाला, म्हणून हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी गाठीचा लालभडक रंग उतरून ती मऊ पडली. 2008 मध्ये त्यांनी हे जगाला सांगितलं. त्या मुलीच्या गालावर आता जवळून पाहिलं तरच दिसेल इतकी फिकी खूण आहे, आणि तिची आजीच सगळ्यांना तिचा गाल दाखवत फिरते.

पण दुकानातल्या त्या आबांचं बोलणं मला पुन्हा पुन्हा आठवतं ते वेगळ्याच कारणाने. 1982 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा पूर्ण निकाल आला होता. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले 3837 रोगी. अर्ध्यांना प्रोप्रॅनोलॉल, अर्ध्यांना तशीच दिसणारी, आत औषध नसलेली पोकळ गोळी. साधारण दोन वर्षांत पोकळ गोळीवाल्यांपैकी 9.8 टक्के गेले, औषधवाल्यांपैकी 7.2 टक्के. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधी थांबवला. शंभरात अडीच माणसं जास्त जगली. पण ती कोणती, हे सांगणं कुणालाच शक्य नाही. त्यांच्यातल्या एकालाही स्वतःला ठाऊक नसेल की मी गोळीने वाचलो. आणि आता 2024 मध्ये, स्वीडनमध्येच प्रामुख्याने झालेल्या सुमारे पाच हजार रोग्यांच्या अभ्यासात असं दिसलं की झटक्यानंतर ज्यांचं पंपिंग पन्नास टक्क्यांवर आहे आणि ज्यांच्या नळ्या आजच्या पद्धतीने उघडलेल्या आहेत, त्यांना ही गोळी दिल्याने मृत्यूत किंवा पुन्हा येणाऱ्या झटक्यात फरक पडला नाही. म्हणजे "मंग गोयी कसाले खाऊ?" हा प्रश्न आज मोठमोठे हृदयरोगतज्ज्ञ विचारत आहेत. आबांचं पंपिंग किती, त्यांना गोळी झटक्यासाठी दिली की बीपीसाठी की ठोके चुकतात म्हणून, मला काय ठाऊक? कदाचित त्यांना तिची गरज उरलीही नसेल. पण हे ठरवायला कागद लागतो, इको लागतो, पंधरा मिनिटं वेळ देणारा डॉक्टर लागतो. ते न मिळता माणूस बाजाराच्या दिवशी चार गोळ्या खिशात घालून स्वतःच ठरवतो, याचं मला फार वाईट वाटतं. आणि पाकीट कापताना नाव असलेला भाग निदान शेवटपर्यंत राहील असं कापावं, त्यावर मराठीत 'विचारल्याशिवाय बंद करू नका' एवढं छापलेलं असावं, इतकं तरी मागायला हवं.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, आणि खान्देशात तर ती आधी सांगायला हवी. ती म्हणजे ऊन. जळगाव-भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा शरीर रक्त कातडीकडे ढकलून आतली उष्णता बाहेर टाकतं आणि त्यासाठी हृदयाला जास्त धावावं लागतं. या गोळीने ते धावणं बांधलेलं असतं. जोडीला पाण्याची गोळी असेल तर अंगातलं पाणीही कमी होत असतं. मेअखेरीला बागायती कापसाच्या लागवडीसाठी नाना वावरात सरीवर वाकले होते, सरळ उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ठिबकच्या नळीवर बसकण मारली. सालदाराने सावलीत नेलं, टोपीवर पाणी ओतलं. तेव्हापासून चैत्र-वैशाखात नानांचं वावर सकाळी आठच्या आत आटोपतं, आणि उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं, हे आई रोज बजावते.

परवा नाशिकला तपासणीला जायच्या आदल्या रात्री नानांनी माझ्याकडून कागदावर प्रश्न लिहून घेतले. केळी खाल्लेली चालतात का. नाडी सकाळी कधी कधी चोपन्न भरते, ते ठीक का. पंपिंग आता एवढं सुधारलं, तर ही गोळी कमी होईल का. शेवटचा प्रश्न सांगताना जरा थांबले. दादाच्या मुलीचं लग्न ठरलंय, त्या दिवशी सकाळची गोळी पाठवणी झाल्यावर घेतली तर चालेल का, असं त्यांना विचारायचं होतं. मी तसंच लिहिलं. डॉक्टरांनी कागद वाचला. पंपिंग गोळ्यांमुळेच सुधारलंय, त्या सोडल्या तर ते परत खाली येऊ शकतं, म्हणून ही गोळी चालूच राहील, असं म्हणाले. शेवटच्या प्रश्नापाशी आले तेव्हा ते हसले नाहीत, याचं मला बरं वाटलं. ही गोळी दिवसभर झिरपत राहते, नाना, त्यामुळे चार तास उशीर केला तरी आदल्या दिवशीचीच छातीत असेल, तुम्हाला पाहिजे ती धडधड तेवढ्याने येणार नाही आणि मी तुम्हाला ती येऊ देणार नाही, असं त्यांनी सांगितलं. नानांनी मान हलवली. मग डॉक्टरांनी विचारलं, "लग्न कधी आहे?"

"मे महिन्यात. दुपारचं."

"मग एप्रिलच्या शेवटी मला भेटून जा. त्या आठवड्यात पाण्याच्या गोळीचं काय करायचं ते ठरवावं लागेल."

नानांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि कागदाच्या मागे स्वतःच्या अक्षरात लिहिलं: एप्रिलअखेर, नाशिक.